बांधाची तिथी, माझी तारीख

माझ्या चुलत सासऱ्यांइतका पुराव्याला जपणारा माणूस डिचोली तालुक्यात दुसरा झाला नाही. सबंध गोव्यातही झाला नसावा, पण तसं म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोललेलं त्यांना खपत नसे. लोक सोनं जमवतात, जमिनी जमवतात. ह्या माणसाने एका व्हाळाविषयी, एका साध्या ओढ्याविषयी, जगात जे काही लिहिलं, काढलं, पाहिलं, ऐकलं गेलं असेल ते जमवलं. सर्वणच्या पुढे डोंगराच्या पोटाशी त्यांचं गाव. डोंगरावर दाट रान, रानातून निघालेला तो व्हाळ गावातल्या पोफळीच्या कुळागरांना आणि वायंगणाच्या रब्बी भातशेतांना पाणी द्यायचा. नकाशात त्याला नाव नव्हतं. काकांनी त्याच्यासाठी चाळीसेक वर्षं घालवली आणि त्यातलं बरंचसं एका दुपारी वाया गेलं. ते कुणामुळे गेलं हे त्या दुपारी शाळेच्या खोलीत बसलेल्या दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते, आणि दुसरा मी.

काका प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेच्या आवारात पोर्तुगीज अमदानीतलं एक पाऊस मोजायचं नळकांडं होतं. निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं; त्यांनी नळकांडं मागून घेतलं. रोज सकाळी साडेआठला ते मोजायचं. आठ वाजून एकतीस मिनिटांनी मोजलेला पाऊस त्यांच्या लेखी खोटा पाऊस. माझं लग्न ज्येष्ठात झालं, त्यांच्याच अंगणात, कारण माझ्या बायकोला, सुलभाला, वडील नव्हते आणि काकांनीच तिला वाढवलं होतं. मुहूर्त आठ पस्तीसचा. अंतरपाटाचं एक टोक काकांच्या हातात. मांडवाच्या झावळ्यांवर पाऊस वाजत होता, मंगलाष्टकं चालू होती, आणि मधेच मला समोर सुलभाचं अर्धं तोंड दिसलं, कारण अंतरपाट एका बाजूने खाली आला होता. टोक माझ्या मावसभावाच्या हातात कोंबून काका छत्री घेऊन परसाकडे निघाले होते. भटजी ओरडले, "मास्तर, मुहूर्त!" काका वळून न बघता म्हणाले, "मुहूर्ताक पांच मिणटां आसात. पावसाक एकूय ना." आमच्या लग्नाच्या दिवशी किती पाऊस पडला हे मला मिलिमीटरमध्ये ठाऊक आहे. असं सांगू शकणारे नवरे फार नसतील.

नळकांडं ही सुरुवात. त्यांच्या मते प्रत्येक माणूस हा त्या व्हाळाचा एक साक्षीदार होता. फक्त त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. पहाटे सायकलीवर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला ते उंबऱ्यावर अडवत. पाव हातात धरून विचारत, काल व्हाळ ओलांडताना पाणी चाकाच्या कुठवर आलं? तुंब्यापर्यंत की वर? तो बिचारा आधी वैतागायचा, मग सवयीने लांबूनच ओरडू लागला, "मास्तर, आज तुंब्यार चार बोटां!" म्हाताऱ्या सुईणीला ते जन्मलेल्या पोरांची नावं विचारत नसत, कुठल्या बाळंतपणाला जाताना व्हाळ आडवा आला ते विचारत. आणि फोटो! लोकांच्या घरी जाऊन लग्नाचे जुने फोटो मागायचे आणि भिंग लावून बसायचे. नवरानवरीकडे ढुंकून बघायचे नाहीत. त्यांना मागचा डोंगर हवा असे, डोंगरावरच्या रानाची कड त्या साली कुठवर खाली होती ते. माझे आईवडील पार्सेचे, पण फोटो काढायला वडिलांना सर्वणला मित्राकडे यायची हौस आली होती. तो फोटो काकांनी भिंतीवरून उतरवून घेतला, बराच वेळ पाहिला आणि अत्यंत नम्रपणे मला म्हणाले, "जांवय, तुमचो बापूय मात्सो आड येता."

एका चतुर्थीला मी त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघराच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. चतुर्थीच्या करंज्या, आमच्या नेवऱ्या, असतील म्हणून मी झाकण उघडलं. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर सुंदर मास्तरी अक्षरात तिथी आणि जागा. एक उघडली तर सुकलेलं, केसाळ, पांढुरकं काहीतरी. "हात लावं नाकात!" काकू चुलीकडून किंचाळल्या. "ती वाघाची घाण! म्हज्या नेवऱ्यो मडक्यांत आसात, कारण ह्या घरांत डबे म्हाका मेळनात." काका दारात उभे होते. त्यांना माझ्या चुकीपेक्षा पुडी उघडी राहिल्याचं दुःख झालं होतं. रानात बिबटा आहे म्हणजे त्याला खायला आहे, खायला आहे म्हणजे पाणी आहे, असा त्यांचा हिशेब. पुडी पुन्हा बांधत ते म्हणाले, "वाग फट उलयना." वाघ खोटं बोलत नाही. त्या वेळी मी हसलो होतो.

भाषेच्या चळवळीच्या दिवसांत दोन्ही बाजूंची माणसं सह्या मागायला त्यांच्याकडे आली. एकच आठवडा, आधी मराठीवाले, मग कोकणीवाले. काकांनी दोघांनाही ओटीवर बसवलं, नारळाचं पाणी दिलं आणि ट्रंक उघडून दाखवली. डोंगराचा नकाशा पोर्तुगीजमध्ये, देवळाची वही मराठीत, आणि लोकांनी तोंडी सांगितलेलं सगळं कोकणीत उतरवलेलं. "आता सांगा," म्हणाले, "ह्यांतलें कितें उडोवं?" फेकायचं काय ते न सांगता, सही न घेताच दोन्ही गट गेले. पुढे गोवा घटकराज्य झालं, तेव्हा त्यांनी वहीत दोनच शब्द लिहिले: राज्य झाले. खाली नेहमीसारखा पाऊस.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी डोंगरावर लाल रंग लावलेले खुंट दिसू लागले. शेजारच्या डोंगरावर खाण होतीच. आता खाणवाल्यांना हा डोंगरही हवा होता, नेमकी ती बाजू जिथून व्हाळ निघतो. सरकारने पाहणी समिती नेमली. मी तेव्हा डिचोलीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझेच साहेब त्या समितीवर होते. समितीचा छापील नमुना माझ्या टेबलावरून गेला. त्यात एक रकाना होता: ह्या पाणलोटाविषयी आधीपासून उपलब्ध असलेली माहिती. कुणीतरी समोर लिहून टाकलं होतं: नाही. एका रविवारी मी काकांना हे सहज सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "ना?" म्हणाले. "ना म्हण बरयलां?" नाही असं लिहिलंय, हेच त्यांना खरं वाटेना. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला. एखाद्याला त्याच्या मुलाविषयी कुणी म्हणावं की असा मुलगा जन्मलाच नाही, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ट्रंकेत पुष्कळ होतं, पण समितीपुढे टिकेल असं काय, ह्याचा शोध सुरू झाला. फोटोंमध्ये वडील आड येत होते. पोदेराची बोटं साहेबांनी मानली नसती. शेवटी काका ज्याच्यावर येऊन थांबले ती देवळाची कौलाची वही. त्या गावात पावसाळा ओसरला की व्हाळाला बांध घालतात. दगड, माती, झावळ्या घालून पाणी अडवायचं आणि पाटाने शेतांना द्यायचं. हा बांध कुणी मनाला येईल तेव्हा घालत नाही. व्हाळात एक खुणेचा दगड आहे. पाणी उतरून त्याचं डोकं उघडं पडलं की गुरव देवाला कौल लावतो. ओल्या पाकळ्या देवाला चिकटवायच्या. उजवी पडली की हुकूम झाला. मग सगळा गाव व्हाळात उतरतो. आणि त्या दिवशी वहीत तिथी लिहिली जाते. काकांच्या आजोबांच्या आधीपासून लिहिली जात होती. बाकी सगळ्यांना ती देवाची वही वाटायची. काकांच्या लक्षात आलं की खरं पाहता ती पाण्याची वही आहे: दर वर्षी व्हाळ एका ठराविक पातळीला कुठल्या दिवशी आला, त्याचा न चुकता ठेवलेला पुरावा. रान दाट असेल तर पाणी सावकाश झिरपतं, व्हाळ उशिरा उतरतो. त्यांच्या गावात बांध पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पडत आला होता. शेजारच्या गावचीही अशीच वही होती. तिथला डोंगर उघडा झाल्यापासून बांध दसऱ्यावर आला, मग नवरात्रात आला, आणि मग वहीच बंद झाली, कारण अडवायला पाणी उरलं नाही. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की अडाण्यालाही कळावं.

फक्त समितीला तिथ्या नको होत्या. तक्त्यात इंग्रजी तारखा हव्या होत्या. आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ठळक अक्षर ते अजून लिहीत, पंचांगातले बारीक आकडे त्यांना दिसेनासे झाले होते. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "तुमी सरकारी मनीस," म्हणाले, "तुमचें अक्षर तांकां पटटलें." जुन्या पंचांगांचा गठ्ठा दिला. काम सोपं होतं, कंटाळवाणं होतं: वहीतली तिथी बघायची, त्या सालचं पंचांग काढायचं, तारीख लिहायची. मधल्या सात वर्षांची पंचांगं मात्र वाळवीने खाल्ली होती. काका म्हणाले, "तुमच्या पार्सेंत ते म्हातारे भटजी आसात न्ही? तांचेकडे पन्नास वर्सांचीं पंचांगां आसात म्हण आयकलां. तीं पळोवन येयात."

ती पाहून यायला मी पार्सेला गेलो. रविवार होता. आईने बांगड्यांचं हुमण केलं होतं. मी जेवलो आणि काजूच्या बागेकडून वारा येतो त्या पडवीत आडवा झालो. भटजींचं घर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. संध्याकाळी उठलो तेव्हा शेवटची बस निघायच्या बेतात होती. बसमध्ये बसून मी मनाशी म्हटलं, तिथी दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकते, मागच्या वर्षाच्या तारखेतून अकरा वजा केले, दोन तिथ्यांमधला फरक धरला, की झालं. सात वर्षांच्या सात तारखा मी बसच्या तिकिटामागे काढल्या, चोपड्याला फेरीबोटीच्या तरीपाशी पोहोचण्याआधी. पुढच्या आठवड्यात काकांनी विचारलं, "भटजींकडे पळोवन आयल्यात?" आणि मी म्हणालो, "हय काका. सगळें ताळून पळयलां." इतकं सहज आलं ते तोंडातून. त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि खाली सही केली.

समिती भाद्रपदात आली. शाळेच्या मोठ्या वर्गात टेबलं लावली होती. गाव दारात, खिडक्यांत, व्हरांड्यात. मी साहेबांच्या मागे फाइली मांडीवर घेऊन बसलो होतो. मी ह्या घरचा जावई आहे हे साहेबांना ठाऊक होतं, तक्ता माझ्या हातचा आहे हे ठाऊक नव्हतं. परवानगीशिवाय मी तो केला होता, आणि माझी बढती साहेबांच्या एका शेऱ्यावर अडकलेली होती. काका उभे राहिले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, बगलेत छत्री. वर्गात शिकवावं तसे ते बोलले. दोन वह्या दाखवल्या, तक्ता दाखवला, जोडीला आपली पावसाची वही टेबलावर ठेवली. समितीतले एक म्हातारे इंजिनियर पुढे वाकून ऐकू लागले. "हे कधीपासून लिहिलं जातंय?" त्यांनी दोनदा विचारलं आणि चष्मा पुसला. मला आठवतं, त्या क्षणी खिडकीतल्या लोकांची कुजबुज थांबली. आपलं म्हणणं कुणीतरी खरंच ऐकतो आहे हे कळल्यावर माणसं गप्प होतात, तशी ती गप्प झाली.

मग खाणवाल्यांचा वकील उठला. पणजीहून आलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने आवाज अजिबात चढवला नाही.

"मास्तर, ही पावसाची वही तुमचीच ना?"

"म्हजीच."

"रोज साडेआठला मोजता. एक दिवसही चुकत नाही, असं ऐकलंय."

"चुकूंक ना."

"वा. मग हे वाचतो. बावीस ऑक्टोबर. तुमच्या अक्षरात आहे: रात्रभर मुसळधार, व्हाळाला पूर, पोदेर आला नाही." त्याने दुसऱ्या हाताने तक्ता उचलला. "आणि हा तुमचा तक्ता. त्याच सालचा बांध, बावीस ऑक्टोबर. म्हणजे पोदेराला ओलांडता येईना त्या पुरात गावाने बांध घातला?"

वर्गात हशा पिकला. खाणीवर कामाला आलेले दहाबारा जण मागे उभे होते, ते जास्त हसले. मला एका क्षणात सगळं दिसलं. त्या वर्षी अधिक महिना होता. अधिकाच्या वर्षी तिथी अकरा दिवस मागे जात नाही, उलट पुढे सरकते. मी सरळ अकरा वजा केले होते. कार्तिकातला बांध मी महिनाभर अलीकडे ओढून पुरात टाकला होता.

काकांना कळायला माझ्यापेक्षाही कमी वेळ लागला. "तीथ चुकूंक ना," ते शांतपणे म्हणाले. "तारीख चुकल्या."

"एक चुकली तर बाकीच्या कशावरून बरोबर?" वकील म्हणाला. "तारखा काढल्या कुणी?"

इथे मला थांबायला हवं, कारण माझं आयुष्य ह्या एका प्रश्नापाशी अजूनही कधीकधी जाऊन उभं राहतं. चुकीच्या असू शकतील अशा तारखा सातच होत्या. कुठल्या सात, ते फक्त मला ठाऊक होतं. बाकी सगळ्या पंचांगातून नीट काढलेल्या होत्या. मी उठून एवढंच म्हणालो असतो, ह्या सात मी अंदाजाने लिहिल्या, त्या वगळा, तर वही टिकली असती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मी नीट दिसत होतो की नाही कोण जाणे. पण त्यांनी मी बसलो होतो त्या बाजूला तोंड केलं आणि वाट पाहिली. मी फाइलीच्या नाडीची गाठ बघत राहिलो. गाठ सुटलेली नव्हती, तरी ती मी पुन्हा आवळली.

"हांवें," काका म्हणाले. "तारखो हांवें काडल्यो."

वकील जवळ गेला. फार मायेने विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर, तुम्हाला मोतीबिंदू आहे ना?"

पुढचं मी लिहीत नाही. डोळ्यांनी दिसत नसताना काढलेल्या तारखा म्हणून तक्ता बाजूला पडला. त्या म्हाताऱ्या इंजिनियरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. काका खाली बसले, तिन्ही वह्या धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि पिशवीत घातल्या. ज्या माणसाने आयुष्यात कधी पुराव्याशिवाय शब्द काढला नव्हता, त्याचं पहिलं खोटं माझ्यासाठी होतं.

ते रागावले असते तर मी सुटलो असतो. ते रागावले नाहीत. पुढच्याच शनिवारी डिचोलीच्या बाजाराला आले, आमच्याकडे चार नारळ आणि सुपाऱ्यांची पिशवी ठेवली, सुलभाला पाऊस किती झाला ते सांगितलं आणि गेले. ते गेल्यावर सुलभा पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"काकांक पंचांग वाचूंक जायना," ती म्हणाली. "हें म्हाका खबर ना अशें दिसता तुमकां?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"सासूबायन सांगलें. त्या आयतारा तुमी जेवन निदिल्ले. भटजीगेर वचूंकूच नात." मग तिने नारळ एकेक करून खाली ठेवले. "म्हज्या लग्नांत ते अंतरपाट सोडून गेले म्हण तुमी सगळ्यांक हांसत सांगतात. तुमी तांकां खंय सोडून आयल्यात, तें पळयात."

ती तेवढंच बोलली, पण पुढचे कितीतरी दिवस घरात भांड्यांचे आवाज मोजून येत होते.

त्या वर्षीचा बांध कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी होता. सुलभा निघाली, मी न बोलावता मागे गेलो. व्हाळाच्या काठी सगळा गाव, कमरेला पंचे, हातात कुदळी आणि पिकावं. खुणेच्या दगडाचं डोकं नुकतं उघडं पडलेलं. काका काठावर खुर्ची घालून बसले होते, मांडीवर वही. कौल लावायच्या आधी तिथे एक रीत आहे, ती मला तोवर ठाऊक नव्हती. गुरव गावाकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "कोणाच्या मनांत कितें आसल्यार आतांच सांगचें. मागीर बांद फुटलो म्हण देवाक दोश दिवचो न्हय." दरवर्षी विचारतात. दरवर्षी कुणीतरी शेजाऱ्याचा पाट फोडल्याचं कबूल करतो, लोक चेष्टा करतात, झालं. एकाने पाळी नसताना पाणी घेतल्याचं सांगितलं. "तें आमकां खबर आसा रे, नवें सांग!" कुणीतरी ओरडलं. हसणं विरलं आणि मी पुढे झालो. पायाखालची वाळू सरकत होती.

मी सांगितलं. पार्से, हुमण, पडवी, बसचं तिकीट, अकरा दिवस. शाळेत गप्प बसलो तेही. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, व्हाळाचा तेवढा येत होता. सांगून झाल्यावर एक म्हातारा माझ्या बाजूला थुंकला. पिकावं हातात असलेली तीसचाळीस माणसं आणि मी मधे. मला भीती वाटली, खरंच वाटली.

मग काकांचा आवाज आला. "कितें रे हे जांवय! अधिकाचें वाण खावंक बरी याद उरता, आनी तारीख काडटना अधिक म्हयनोच विसरता?"

आधी एक बाई हसली, मग गाव हसला. जावयाला अधिक महिन्यात पंगतीला बसवून वाण देतात. अधिक महिना विसरणारा जावई त्यांनी पाहिला नव्हता. ते हसणं मला लागलं, आणि त्याने मला वाचवलंही. गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. लोक पाण्यात उतरले, मीही उतरलो, कुणी मला दगड द्यायला नकार दिला नाही. काका वहीत लिहीत होते. संध्याकाळी मी ते वाचलं. तिथी, पाण्याची पातळी, बांध घातला; आणि खाली ठळक अक्षरात: जावयाने मागील तक्त्यातील चूक कबूल केली. त्यांच्या वहीत मी पहिल्यांदा खरा पुरावा म्हणून आलो तो असा.

पुढच्या रविवारी मी पार्सेला उतरलो तो थेट भटजींकडे. सातही तारखा काढल्या. चारच चुकलेल्या होत्या. दुरुस्त तक्त्यावर माझं नाव, माझा हुद्दा आणि घडलेली हकिकत लिहून समितीला दिलं. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला काणकोणची हवा मानवेल." बढती राहिली, बदली झाली. समितीकडून एका ओळीचं उत्तर आलं, की दुरुस्तीची नोंद घेतली आहे. पुढे डोंगराचा उत्तरेकडचा उतार खाणीला गेला, व्हाळाच्या उगमाकडचा राहिला. माझ्या कागदाने राहिला, की त्या बाजूला माल कमी निघाला म्हणून राहिला, हे मला कधी कळलं नाही. काकांना मी हे विचारलं होतं. "पुरावो आसा?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मागीर उलोवं नाकात."

काकांच्या शेवटच्या आजारात मी काणकोणहून आलो, तेव्हा आश्विन चालू होता. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. डोळे पार गेले होते, खाटेवर पडल्या पडल्या ते येणाऱ्या प्रत्येकाला व्हाळाचं विचारत. लोक सांगत, बरें आसा मास्तर, उदक खूप आसा. काकूंनी मला दारातच हळू आवाजात बजावलं, तुम्हीही तसंच सांगा, आता कशाला. मी आत जायच्या आधी व्हाळावर गेलो. पाण्यात उतरलो. पाणी घोट्याच्या थोडं वर होतं आणि खुणेचा दगड अर्धा उघडा पडला होता. दिवाळी अजून बरीच लांब होती.

खाटेशी बसलो. त्यांनी माझा हात चाचपून ओळखला.

"जांवय, व्हाळ कितलो आसा?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, "काका, फातर अर्दो उगडो पडला."

काकांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "तुमी स्वता पळोवन आयल्यात?"

"हय काका. हांव पळोवन आयलां."

माझे पाय अजून ओले होते. त्यांनी हात खाली नेऊन माझ्या धोतराचा भिजलेला काठ बोटांत धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि मान हलवली. "बरें," म्हणाले. "वहींत बरोवन दवरात."